बाकांच्या पाठी

मामाने तांबड्या पेनाने सगळ्या इतिहासातला एकच परिच्छेद खोडला होता, आणि नेमका त्यातच आई होती.

गावातल्या ख्रिस्ती धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघायची होती. इतिहास लिहायचं काम फादरांनी लेकीच्या गळ्यात घातलं होतं. “खरं तर तुमच्या आईंनाच सांगणार होतो,” असं म्हणून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले होते. आईला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तिने हो म्हटलं. घरी आईच्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

इतिहास तसा आटोपशीर होता. कौलांच्या कारखान्याने कामगारांना एक जुनं गोदाम देऊ केलं. त्यातच चर्च भरायचं आणि त्यातच शाळा. एका टोकाला वेदी, दुसऱ्या टोकाला फळा, आणि बाकं दोघांत मिळून तीच. सुताराने डोकं लढवून त्यांच्या पाठी फिरत्या केल्या होत्या. दोन्ही टोकांना दोघांनी धरायचं, एकदम उचलायचं आणि पलीकडे टाकायचं, की बसणाऱ्याचं तोंड फिरलं. सोमवारी सकाळी फळ्याकडे, शनिवारी शाळा सुटली की वेदीकडे. दोघांपैकी एकाने जरा घाई केली तरी पाठ मध्येच अडकायची आणि बोट चेमटायचं. बोट न चेमटलेल्या माणसाला त्या गावात कोणी आपलं म्हणत नसे.

खोडलेल्या परिच्छेदात एका रविवारची हकिगत होती. आई तेव्हा शाळेतली एकमेव शिक्षिका. शनिवारी पाठी फिरवायच्या राहून गेल्या. दुसऱ्या दिवशी लोक मिस्साच्या उपासनेला आले आणि सवयीने बसले. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की आपली पाठ देवाकडे आहे. उठून बाकं फिरवावीत, तर घंटा वाजून गेलेली. तेव्हाचे दाढीवाले फादर आत आले, तर समोर नुसत्या माना. ते बाकांमधून चालत थेट फळ्याखाली गेले. प्रवचन त्यांनी तिथेच उभं राहून दिलं. उरलेली मिस्सा लोकांनी वळून, उभ्यानेच ऐकली.

लहानपणापासून तिने हे शेजारपाजारच्यांकडून ऐकलं होतं. आई मात्र हा विषय निघाला की उठून आत जायची.

शनिवारी दुपारी ती खोडलेलं पान घेऊन चर्चमध्ये गेली. मामा समितीचा अध्यक्ष. उद्याच्या मिस्सासाठी तो माइकची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवत होता.

“मामा, हे का खोडलंस?”

“जागा पुरत नव्हती.”

“समितीच्या फोटोला अर्धं पान पुरलं की.”

“तो खजिनदाराचा हट्ट. माझे तर त्यात डोळे मिटलेत.”

“मामा.”

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. “हे बघ, ताईची फजिती छापायची का आपण? ती असताना कधी तोंडावर हसलो नाही, आता गेल्यावर सगळ्या गावाला वाटायची?”

“मग बाकी इतिहासात ती आहे कुठे? ‘शिक्षकवृंदाने अपार परिश्रम घेतले.’ त्या वृंदात ती एकटी होती! आणि विसरली तर विसरली. माणूस विसरतं.”

“विसरली?” मामा हसला. “ताई?”

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात आईने फोन करून विचारलं होतं, गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावलंस का.

“ते टोक धर,” मामा म्हणाला. “मी म्हटल्यावर उचल.”

सगळ्यात मागचं बाक. शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून या पाठी कोणी हलवल्या नव्हत्या. सोमवारी बाकं जाणार होती आणि जमिनीत पक्की बसवलेली नवी येणार होती. मामाने “हं” म्हटलं. पाठ करकरत उठली आणि पलीकडे जाऊन आदळली. दोघं फळ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसली. रंगाखालून फळ्याची चौकट अजून ओळखू येत होती.

“या बाजूला खिडकी नव्हती,” मामा म्हणाला. “भिंतीला सदा ओल. फळा पुसला की खडूचा चिखल व्हायचा. तिसऱ्या बाकाच्या मागे कोणाला अक्षर दिसायचं नाही, आम्ही एकमेकांचं बघून लिहायचो. ताईनं समितीला किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, पोरांना काय, पोरं शिकतात. त्या शनिवारी आम्ही नेहमीसारखे टोकं धरून उभे राहिलो, तर म्हणाली, आज राहू द्या, घरी जा.”

“आणि तू?”

“मी घरी विचारलं, ताई, बाकं? तर म्हणाली, भाजी निवड.”

तिला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

“फादरांना काय सांगितलं तिनं?”

“विसरले म्हणाली. धडधडीत. तेच तिला खात राहिलं गं. पुढे पापनिवेदनाला जाऊन काय बोलली, ते देवाला ठाऊक नि दाढीवाल्याला. पण नवी शाळा होईपर्यंत दर शनिवारी ते स्वतः यायचे आणि ताईसमोर बाकाचं दुसरं टोक धरायचे.” त्याने तिच्या हातातल्या पानाकडे बोट केलं. “आता तूच सांग. ‘विसरली’ छापलं तर तिला कमीपणा. ‘मुद्दाम’ छापलं तर ती खोटं बोलली असं होतं, तेही फादरांशी. मी कुठून धरू?”

तिने पान मांडीवर घेतलं. पेन काढलं आणि खोडलेल्या ओळींच्या वर लिहिलं:

‘त्या शनिवारी बाईंनी बाकांच्या पाठी फिरवल्या नाहीत. रविवारी सगळं गाव मुलांच्या जागी बसलं आणि मुलांना जे दिसत होतं ते त्याने पाहिलं. त्याच वर्षी शाळेच्या इमारतीचा पाया घातला गेला.’

मामाने चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं.

“फिरवल्या नाहीत,” तो म्हणाला. “यात खोटं काही नाही.”

“नाही.”

“जागा कुठे आहे पण?”

“समितीचा फोटो काढून टाकू.”

“काढ. नाहीतरी डोळे मिटलेलेच होते.” त्याने चष्मा खिशात टाकला. “चल, हे सरळ करून ठेवू. उद्या मिस्सा आहे.”

पुन्हा दोघांनी टोकं धरली. आईनेही इथेच धरलं असेल का, असं तिच्या मनात आलं, आणि मामाने “हं” म्हणायच्या आतच तिने उचललं. पाठ मध्येच अडकली.

“आई गं!”

“चेमटलं ना?” पलीकडून मामा म्हणाला. “बरं झालं. आता गावची झालीस.”

बोट तोंडात धरून ती उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं. बोटाचं निमित्त होतं, म्हणून तिने ते येऊ दिलं. मामा वळला आणि आधीच चिकटवलेली वायर पुन्हा चिकटवत बसला. बराच वेळ.