मेंढीची शेपटी

“ओरड, शिव्या दे, काय ते कर. पण आधी पोरीला सावलीत घे, ताई,” अबिलिओ म्हणाला.

पोर्तुगालच्या दक्षिणेतलं, आलेन्तेजोचं ऊन मे महिन्यातच भाजत होतं. लुसिंदाने सहा आठवड्यांच्या बेनेदिताच्या डोक्यावर शाल ओढली आणि ती वेलींची ओळ बघत राहिली. वडिलांनी तिच्यासाठी ठेवलेल्या त्रेचाळीस वेली. लांबट, निमुळत्या घडांमुळे त्या पांढऱ्या द्राक्षाला सगळे मेंढीची शेपटीच म्हणत. गावच्या शिवारात ती एवढीच उरली होती. आता प्रत्येक खोड गुडघ्याच्या उंचीवर कापलेलं, आणि त्यावर दुसऱ्याच जातीचं कलम.

“विचारायचं तरी होतंस.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? या शेपटीला आता हुंगतं तरी कोण?”

“बाबा तिचीच वाइन प्यायचे.”

“बाबा काय, व्हिनेगरसुद्धा प्यायचे!”

“मी अडवायला आलो होतो,” तिचा नवरा डेल्फिम मध्येच म्हणाला. “तोवर याने सगळं उरकलं होतं. दवाखान्यात सांगितलं नव्हतं का मी तुला?”

सांगितलं होतं. तिचा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं.

लुसिंदा वाकली. कलमाची पट्टी उलट्या फेऱ्यांनी गुंडाळलेली. पुढच्या वेलीचीही. तिच्या पुढचीही. अबिलिओ उजव्या हाताचा. घरात डावखुरा एकच होता. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात तिनेच त्याला पट्टी बांधायला शिकवली होती, आरशासारखं समोर उभं राहून.

“सगळ्या तूच बांधल्यास?” तिने भावाला विचारलं.

अबिलिओने डेल्फिमकडे पाहिलं. “हो... मीच की.”

“हात छान बसलाय. एकही कलम दगावलं नाही.”

डेल्फिम कानापर्यंत लाल झाला. काहीतरी करायचं म्हणून तो खाली बसला. एका खोडाला, कलमाच्या खाली, जुन्या वेलीचा कोवळा फुटवा आला होता. तो खुडायला त्याचा हात पुढे गेला.

“राहू दे तो.”

“अगं, सगळा रस तोच ओढेल. कलम मरेल.”

“माहीत आहे मला.”

बेनेदिता रडायला लागली. लुसिंदा त्या खोडापाशी मातीत बसली आणि नवऱ्याकडे पाठ करून तिने ब्लाउजची बटणं सोडली. इवलंसं तोंड जरा चाचपडलं, मग पिऊ लागलं. मागे आधी अबिलिओचे बूट दूर जाताना ऐकू आले. बऱ्याच वेळाने, डेल्फिमचे.