वहिनीची तपासणी

"चिमे, आवाज बंद कर," दादा म्हणाला.

चिमीचा हात बटणाकडे गेला, पण उशिरा. ओलं कापड कुणी घाईघाईने दगडावर आपटावं तसा बाळाच्या हृदयाचा ठोका खोलीभर घुमला होता. टेबलावर वहिनी पडलेली, उघड्या पोटावर थंडगार जेल. तिने डोळे उघडले.

सोनोग्राफीच्या त्या खोलीचा एक शिरस्ता होता. मूल हवं असलेल्या बाईला ठोके ऐकवायचे. गर्भपाताआधीच्या तपासणीला आलेली असली, तर आवाज आधीच बंद करायचा आणि पडदा भिंतीकडे वळवायचा. चिमी हे मशीन चालवत म्हातारी व्हायला आली होती. आज तिने पडदा वळवला आणि आवाज बंद करायचा राहिला.

"मुद्दाम केलंस ना?"

"नाही रे. घरचं माणूस पाहिलं आणि हात आपोआप..."

"तुला पहिल्यापासून हे नकोच होतं."

ते मात्र खरं. बाळाचं अर्धं हृदय घडलंच नव्हतं. डॉक्टरांच्या सह्या झाल्या होत्या, मुदत उलटली नव्हती. कायदा आडवा येत नव्हता. आडवी येत होती ती चिमी. पलीकडच्या, गर्भपाताच्या खोलीत ती कधी पाऊल टाकत नसे. नोकरीला लागतानाच तिने तसं सांगून ठेवलं होतं, आणि नियमाने तिला ती मुभाही होती. "आल्या आमच्या संतीणबाई," नर्सा चिडवायच्या. चिमी हसून सोडून द्यायची.

"कायदा परवानगी देतो दादा, सक्ती नाही करत. चार दिवस जगेल, पण आपल्या मांडीवर जगेल."

"ते चार दिवस तुझे. पुढचं सगळं हिने काढायचं."

"आणि आता काढावं लागणार नाही?"

"माझ्या पोटावर कसली वाटणी घालताय दोघं बहीणभाऊ?" वहिनी म्हणाली. "चिमे, ऐकवलंसच आहे, तर नीट ऐकू दे."

दादा दार लोटून बाहेर गेला. चिमीने आवाज वाढवला. दोघी ऐकत राहिल्या. आता ही उठेल, म्हणेल चल घरी, असं चिमीला वाटत होतं. मनातल्या मनात तिने देवाला हात जोडले.

"त्याला दम लागतोय का गं?" वहिनीने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं.

"आत्ता नाही. आत्ता तुझ्या श्वासावर आहे ते. बाहेर आलं की लागेल."

वहिनीने स्वतःच पोट पुसलं. "मग नको."

"चुकतंय तुझं, वहिनी."

"असेल. आत येशील माझ्याबरोबर?"

"मी तिथे जात नाही. तुला माहितीय."

"माहितीय, म्हणून तर विचारते. तिथे सगळे म्हणतील, काही नाही हो, होईल आत्ता. ते बाळ आहे असं मानणारं एक तरी माणूस असू दे जवळ."

चिमी गेली. वहिनीचा हात धरून शेवटपर्यंत उभी राहिली. तिचं मत तसूभर बदललं नाही, आणि हातही सुटला नाही.

तीन-चार दिवसांनी सकाळी ती दादाकडे होती. आतून वहिनीची हाक आली. पलंगाच्या कडेला ती बसली होती, गाऊन छातीशी दोन्हीकडे भिजलेला.

"चिमे, दूध आलं गं."

"काय झालं? सांडलं काही?" दादा चहाचं पातेलं तसंच टाकून दारात आला, आणि तिथेच थबकला.

चिमीने जुनी चादर फाडून लांब पट्टी काढली, गाऊन उतरवला आणि छातीभोवती पट्टी गुंडाळू लागली.

"अजून घट्ट."

"दुखेल."

"दुखू दे."

दादाने ओला गाऊन उचलला. मोरीत नेऊन नळाखाली धरला. पण ते दूध धुवून टाकायला नळ काही त्याच्याने सोडवेना.