चहाचं वाक्य

इंग्रजीच्या ठेवणीतल्या वाक्प्रयोगांची मला शिसारी येते, आणि ते शिकवायचा पगार मीच घेत होते. २००३ साली आमच्या हेडमास्तरांनी, चिंतामणी सरांनी, रत्नागिरीहून एक गाईड आणलं. त्यात वाक्प्रयोगांचे तीन प्रकार पाडलेले. अलंकारिक ते लाल, क्रियापदाला शेपूट लावलेले ते निळे, निबंधाचे सांधे जोडणारे ते हिरवे. मुलांनी निबंधात दहा घालायचे, त्या त्या रंगाने खाली रेघ मारायची, आणि मी रेघा मोजून मार्क द्यायचे. अर्थ कुणी विचारायचा नाही. चाळीस मुलं परवचा म्हणावा तशी यादी घोकत. आणि पट्टीने ठेका मीच धरत होते.

दहावीच्या सराव परीक्षेत गाईडातलाच विषय आला, 'माझे वडील'. माझ्या वर्गातल्या ज्ञानेश्वरीचे वडील लवू मासेमारीच्या होडीवर खलाशी होते. पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी होडी उलटून ते बुडाले, त्याला वर्षही झालं नव्हतं. पोरीने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, 'बाबा घाईत होते. चहा तसाच राहिला. आईने तो संध्याकाळपर्यंत ओतला नाही.' रंगीत रेघ एकही नाही. मी चहाच्या वाक्यावर काट मारली, 'वाक्प्रयोग नाहीत' असं लिहिलं आणि दहापैकी तीन दिले. इंग्रजीत नापास झाली तर मामा तिला कोलंबी सोलायला धाडणार, हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं.

चार दिवसांनी तिने निबंध पुन्हा लिहून आणला. पान जत्रेतल्या पताकांसारखं रंगलेलं. हिरव्यात 'लास्ट बट नॉट द लीस्ट, माय फादर'. निळ्यात 'पास्ड अवे'. लालमध्ये 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'.

"अगं, त्या दिवशी कडक ऊन होतं," मी म्हणाले. सगळा गाव त्या उन्हात किनाऱ्यावर उभा होता.

"गाईडात उन्हाचा एक पण नाय, बाई."

मी रेघा मोजल्या. बरोबर दहा भरल्या. या निबंधावर ती पास होणार होती, आणि मला माझ्या हातातल्या लाल पेनाची, माझ्या त्या हाताचीच किळस आली.

"आणि चहाचं वाक्य कुठे गेलं?"

"ते तुमीच खोडलात ना," ती म्हणाली. "आता पास होईन ना, बाई?"