एकच औषध, दोन मुली

एकाच कुटुंबात दोन मुली आजारी असाव्यात आणि जावेची तेवढी बरी होऊ लागावी, म्हणजे दुसरीच्या आईला हेवा वाटायला वेळ लागत नाही. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरावर राबणारी हौसा असाच हेवा करत होती. तिच्या शकूला दमा आणि धाकटी जाऊ रंभा, तिच्या तुळसालाही दमा. औषध दोघींना इक्बाल डॉक्टरांचंच. पण तुळसा अंगणभर हुंदडायची आणि शकू भिंतीला टेकून धापा टाकायची.

"डाक्तर रंभेला चांगलं औषद देतो," असं हौसानं ठरवूनच टाकलं. एकदा रंभा मिठागरावर गेलेली पाहून तिनं दोघींच्या बाटल्या बदलल्या. तरीही तुळसा ठणठणीतच, शकूची धाप तशीच. मग मात्र हौसा शकूला घेऊन तडक दवाखान्यात गेली.

"तुमी गरिबागरिबांत डावंउजवं करता," ती डॉक्टरांवर उखडली. रागाच्या भरात बाटल्यांचंही बोलून गेली.

डॉक्टर रागावले नाहीत. "बाटली बदलून गुण आला नाही ना? मग औषधात खोट नाही. शकू खेळते कुणाशी?"

"आधी तुळसासंगं. एका ताटात जेवायच्या दोगी. मीच बंद केलं. तिची पोर लवकर बरी व्हाया लागली, माजी मागं राह्यली. कशाला जायचं तिच्या दारात?"

"आणि तेव्हापासून?"

"हसत नाय, बोलत नाय. कोपऱ्यात बसून रडते."

"हौसाबाई, मूल असं मनातून खचलं की त्याचा दमा औषधाला नीट दाद देत नाही. मी पुष्कळदा पाहिलंय. औषध चालूच ठेवा, पण पोरीचं मन मारू नका."

तेवढ्यात शकू हळूच म्हणाली, "आये, तुळसावर रागवू नको. मी बरी नाय झाली तरी चालंल."

हौसानं शकूला जवळ ओढलं. जिच्यासाठी ती जळत होती, तिलाच तिनं होरपळवलं होतं!

संध्याकाळी ती शकूला घेऊन रंभाच्या दारात गेली आणि सगळं कबूल केलं.

"बाटलीच पायजे व्हती तं मागायची ना, बाय," रंभा म्हणाली आणि तिनं दोघी मुलींना एका ताटात वाढलं.

शकूचा दमा काही एका दिवसात गेला नाही. पण ती हसू लागली, जेवू लागली, आणि त्याच औषधानं हळूहळू धाप कमी झाली. वाचकहो, मुलांना औषध वेळेवर द्याच. पण ती गप्प का झाली, हेही विचारा. मोठ्यांच्या हेव्याचं ओझं लहान छातीला पेलत नाही.