एलायचं चिलखत

"कानात कापूस कोंब, एलाय! नाहीतर घरी बायकोची बोलणी ऐकू यायची नाहीत," मी म्हणालो.

"मग नकोच कापूस," एलाय म्हणाला.

शूबरीनेसच्या किनाऱ्यावर, तोफांच्या चाचणीच्या जागी, वारा नुसता बोचत होता. समोर वाळूत आमचा पत्रा उभा. पत्रा आपलं म्हणायचं. सहा बोटं जाड लोखंड ते, आणि त्यामागे सागवानी ओंडके. शेफील्डच्या भट्टीतून ते तापून पांढरं झालेलं लोखंड ओढताना एलायच्या भुवया जळाल्या, त्या अजून उगवल्या नव्हत्या. हा नमुना टिकला, तर याचे भाऊबंद नव्या युद्धनौकेला लागणार होते. त्याच नौकेच्या पोटात एलायचा थोरला, रूबेन, भट्टीत कोळसा घालायला जाणार होता. म्हणून तर जन्मात रजा न काढणारा एलाय इथवर आला होता.

धडाड! तोफ उडाली, पायाखालची वाळू हलली. धूर सरला, तर पत्र्यावर वाटीएवढा खळगा आणि खाली गोळ्याचे तुकडे.

"पास!" कोणीतरी ओरडलं.

"बघितलंस? पोराला सांग, खुशाल घोरत पड म्हणावं!" मी एलायच्या पाठीत धपका घातला. त्याचे डोळे भरले होते.

चाचणी घेणारे साहेब लोक मात्र हलेनात. पलीकडे एक नवी, अजस्र तोफ उभी होती. "आता जरा हिचीही गंमत बघू," त्यांच्यातला कॅप्टन म्हणाला.

तो आवाज नव्हताच, आभाळच फाटलं. देवा रे! माणसाच्या हातून असलं काही घडावं? खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. पत्र्याला आरपार भोक पडलं होतं आणि गोळा मागे लांब वाळूत धुमसत होता.

आम्ही पत्र्यामागे गेलो. सागाच्या नुसत्या ढलप्या झाल्या होत्या. एलायने भोकाला डोळा लावला. समोर ती तोफ दिसत होती.

"अहो, तोंड का पाडता? पत्रा पासच आहे," कॅप्टन मागून म्हणाला. "ही तोफ तर आपलीच!"

"दुसऱ्यांना नाही का हो येणार करायला, साहेब?"

"येईल की. वर्षा-दोन वर्षांत."

"आणि जहाज?"

"जहाज चांगलं वीस वर्षं चालेल!" कॅप्टन अभिमानाने म्हणाला.

एलायने डोक्यावरची टोपी काढली. आभार मानतोय असं वाटून कॅप्टनने हात पुढे केला. एलायने तो धरला आणि सोडायचं विसरला. शेवटी मीच त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.