आत्याचा भंडारा आणि चिमीची अवधाण

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हावर कुणी कुऱ्हाड घालावी तसा आत्याचा आवाज अणदूरच्या आमच्या आळीवर कोसळे. झाडावरचे पोपट, खोटं सांगत नाही, उडायच्या आधी तिची परवानगी घेत. तिची माया थपडेतून उतरायची, आणि माझ्या डाव्या गालावर ती इतकी उतरली की न्हाव्याला अजून त्या बाजूला जास्त साबण लागतो.

त्या वर्षी माझी लेक चिमी खंडोबाच्या पायऱ्यांवरून घसरली, नडगी फाटली. दवाखान्यात टाके पडले. पट्टी कोरडी ठेवा, वर काहीही लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. पण देवाच्या दारातल्या जखमेला देवाचाच भंडारा, हा आत्याचा कायदा. आमची पाठ वळताच तिनं पट्टी सोडून टाक्यांवर देवळातली मूठभर हळद दाबली. पुढं नडगी जास्वंदीसारखी लाल फुलली, पोरगी तापानं फणफणली आणि जांघेत सुपारीएवढी गाठ उभी राहिली. आमच्याकडं तिला अवधाण म्हणतात.

गाठ दिसताच आत्या रणात उतरली. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर चरचरत होता, काळं तेल सुटत होतं, आणि त्या ज्योतीत तिचं कपाळ तापल्या तव्यासारखं लकाकत होतं.

"जाळल्याबिगर ही बसत न्हाय. पाय धर तिचा, मुडद्या."

मी वाकलोसुद्धा. माझ्या बायकोनं, सुनंदानं, आत्याचं मनगट धरलं.

"तुमच्या भंडाऱ्यानंच पाय सडतोय, आत्या. हात मागं घ्या."

मग जे झालं त्यात उतरंड फुटली, दिवा विझला, माझा सदरा फाटला आणि बिब्ब्याचं तेल आत्याच्याच दंडावर सांडलं. ती अशी ओरडली की हमरस्त्यावरचे ट्रक पंक्चर झालं समजून कडेला थांबले. दंडावर फोड आला तो दुधीभोपळ्याएवढा. खरं तर लिंबाएवढा. पण तिच्या देहावर लहान काही शोभत नसे.

दोघींनाही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमीचे दोन टाके उसवून पू काढला, औषध दिलं.

"गाठ वैरी न्हाय, आजी. खालचं विष वर चढू नये म्हणून ती झुंजतीय. जखम निवळली की हळूहळू बसंल."

आत्या आपल्या फोडाकडं बघत राहिली. "म्हंजी म्या आपल्याच शिपायाला डागाय निघाले व्हते," ती पुटपुटली. त्यानंतर उंबऱ्यात मुसळ आडवं टाकून ती बसली. तंबाखूची राख घेऊन आलेल्या शेजारणीला तिनं वेशीपर्यंत पिटाळलं; हात न धुता पट्टीला शिवू पाहणाऱ्या मला तर मुसळानंच शिकवलं. नडगी भरली. गाठ विरत विरत बोटांना सापडेनाशी झाली.

आत्या गेली त्याला आता काही उन्हाळे लोटले. चिमी सायकलवरून पडते, गुडघा फुटतो. ती आधी उंबऱ्याकडं बघते आणि मगच रडते. त्या दोहोंमधल्या निमिषात, आत्या गेल्याची वार्ता काळाच्याही कानी अजून पडलेली नसते.