इनासचा राहिलेला सूर

माझा धाकटा भाऊ इनास याने फ्लुगलहॉर्न ओठांवरून काढून मांडीवर ठेवलं, तरी त्याने लावलेला सूर थांबला नाही. तो स्टुडिओच्या मधोमध, माणसाच्या छातीच्या उंचीवर, तसाच राहिला.

मी पियानोवर होते. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट होमी बत्तीवाला म्हणाला, "छान. आता थांबव."

"थांबवलाय," इनास म्हणाला.

होमीने माइक बंद केला. आवाज मोजणारा काटा हलतच होता. मग त्याने बाहेर येऊन सुराभोवती एक फेरी मारली आणि चहा मागवला.

इनासची ही स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड. त्याआधी तो वसईतल्या लग्नांत ट्रंपेट वाजवायचा, मग मुंबईच्या हॉटेलांत जाझ, आणि दिवसा सिनेमाच्या गाण्यांत मागे कुठेतरी. फ्लुगलहॉर्न त्याने हौसेने घेतलं होतं. दिसायला ट्रंपेटसारखंच, पण पोट मोठं आणि आवाज मऊ. तो म्हणायचा, "ट्रंपेट लोकांना हाक मारतं, बाय. हे लोकांशी बोलतं."

उरलेल्या चाली आम्ही त्या सुराला धरूनच वाजवल्या. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. रेकॉर्ड निघाली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. पेपरात लिहून आलं की या वादकाला घाई नाही.

आम्ही गाडीने घरी आलो तेव्हा सूर मागच्या सीटवर होता.

पुढची सगळी वर्षं इनास त्याच्याभोवती वाजवत राहिला. वर चढायचा, खाली उतरायचा, बाजूने वळसा घालायचा; पण परत तिथेच यावं लागायचं. कोलंबोला गेलो, दिल्लीला गेलो. विमानात सुराच्या शेजारची खुर्ची कोणी मागितली नाही. कार्यक्रम संपला की इनास वाकून नमस्कार करायचा आणि सुरासाठी बाजूला सरायचा. टाळ्या त्यानंतर वाढायच्या.

"एकदा तरी दुसऱ्या पट्टीत वाजवून बघू," मी म्हटलं.

आम्ही वाजवून बघितलं. पियानोच्या पट्ट्या खाली गेल्या, त्याची बोटं हलली, आणि काहीच ऐकू आलं नाही. जे त्या सुराशी जुळेल तेवढंच उरलं होतं.

घरात सूर माजघरात राहायचा. आधी मांडणीवरची ताटं त्याच सुरात गुणगुणू लागली. मग नळ, मग दाराची कडी. शेजारच्या अनिताचं बाळ जन्मलं ते त्याच सुरात रडलं. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, घंटेचा आवाज बदलला तेव्हा फादर आमच्याकडे आले, खुर्चीत बसले, आणि त्याच सुरात म्हणाले, "काही करता आलं तर बघा."

 इनास वाद्याच्या कळांना तेल देत राहिला.

शेवटी आईच्या आवाजाची पाळी आली. आमची आई गावातल्या लग्नांत गाणी म्हणणारी बाई. कांडताना तिचा आवाज मुसळाबरोबर वर-खाली व्हायचा. आता तिची हाक आणि तिची शिवी यांत फरक राहिला नाही. "जेवायला या" आणि "मला बरं वाटत नाही" हे ती सारखंच बोलायची. एकदा ती मागच्या दारात पडली आणि इनासला हाक मारत राहिली. आम्हाला नुसता सूर ऐकू आला; वाटलं, ती कोंबड्यांना बोलावतेय. इनास पाणी प्यायला मागे गेला तेव्हा ती दिसली.

त्याने तिला उचलून खाटेवर आणलं, तिच्या गुडघ्याला हळद लावली. मग हात धुतले आणि फ्लुगलहॉर्न घेऊन माजघरात गेला.

"काय करतोस?" मी विचारलं.

"मी बाहेर सोडला होता," तो म्हणाला. "आत घेतो."

"सगळ्या रेकॉर्डी त्याच्यावर उभ्या आहेत, इनास."

"आई पडली होती, बाय. मला कळलं नाही."

दुपारची वेळ होती, ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं. त्याने वाद्याचं तोंड सुराला लावलं आणि फुंकण्याऐवजी श्वास ओढायला सुरुवात केली. सूर पातळ झाला आणि नळीत शिरला. पण तो एकटा गेला नाही. त्याच्या मागून ताटांची गुणगुण गेली, कडी गेली, नळ गेला. पंखा फिरत होता, त्याची घरघर गेली. कपाटातल्या रेकॉर्डींतून पियानो सुटून आला, मागोमाग ड्रम, आणि त्या टाळ्या. इनास ओढत राहिला. अंगणातले कावळे चोची उघडून बसले होते. मी म्हटलं, "पुरे," आणि ते मला ऐकू आलं नाही.

मग ओढायला काही उरलं नाही. त्याने वाद्य खाली ठेवलं. त्याचे गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, कानापर्यंत चेहरा लाल. खिडकीतून देऊळ दिसत होतं. घंटा झुलत होती, तिचा आवाज नव्हता.

इनास माझ्याकडे बघत होता. सोडू की गिळू, एवढंच त्याला विचारायचं होतं. 

आई भिंतीला धरून दारात आली. ती काहीतरी बोलत होती. तिच्या भुवया वर गेल्या, मान तिरकी झाली, ओठ लांबले आणि मिटले. बोलणं पुन्हा वर-खाली होत होतं, हे बघूनच कळत होतं. ती लंगडत त्याच्यापाशी गेली. क्षणभर तिने त्याचं तोंड निरखलं, आणि मग त्याच्या फुगलेल्या गालावर बोट टेकवून दाबलं.